सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस

१२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट. उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्याचा भाग खचला आणि ४१ मजूर आत अडकले. झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल अशा मुलखांतून पोटासाठी आलेली माणसे. बाहेर पडायच्या वाटेवर सुमारे ६० मीटर ढिगारा.

त्यांच्यात गब्बरसिंग नेगी आणि सबा अहमद हे दोन अनुभवी फोरमन होते. अशा वेळी भीती एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. "घाबरू नका" म्हणणे वरिष्ठाला सोपे असते, पण ऐकणारा मनात विचारतो, तुम्ही काय करणार? नेगींनी त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले: मी सर्वांत शेवटी बाहेर पडेन. नळीतून बोलणाऱ्या भावालाही त्यांनी तेच सांगितले.

आत दोन-अडीच किलोमीटरची मोकळी जागा होती, वीजही होती. सकाळी योगासने, जेवणानंतर फेरी असा क्रम लागला. सुरुवातीला बारीक नळीतून मुरमुरे, सुकामेवा येत असे. सुटकेनंतर सबा अहमद यांनी पंतप्रधानांना फोनवर सांगितले, आम्ही भावांसारखे राहिलो, जे येईल ते एकत्र बसून खाल्ले. गोष्ट साधी वाटते. पण आपल्या घरचा दस्तरखान आठवा. कुणाचा घास अडतोय, कुणाचे तोंड उतरलेय, हे तिथेच कळते. सतरा दिवस ४१ माणसांवर नजर ठेवायची तर याहून चांगली जागा कोणती?

मात्र फोरमनच्या समजूतदारपणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. साडेचार किलोमीटरच्या या बोगद्यात सुटकेचा वेगळा मार्ग आराखड्यात होता, बांधलेला नव्हता. त्या उणिवेचा भार या मजुरांवर पडला.

ढिगारा फोडणारे मोठे यंत्र आतच तुटले. उरलेले दहा-बारा मीटर हातांनी खोदायला 'रॅट होल' कामगार बोलावले गेले. उंदरासारखे बिळात शिरून खोदण्याच्या ज्या पद्धतीने कोळसा काढायला २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली होती, तीच इथे कामी आली. २८ नोव्हेंबरला मुन्ना कुरेशी शेवटचा दगड सरकवून पलीकडे पोचले, तेव्हा आतल्यांनी त्यांना मिठ्या मारल्या. मग जाड पाइपातून एकेक जण बाहेर येऊ लागला.