पिशवीच्या तोंडाशी मुक्काम करणारा विषाणू

एकदाच केलेली चाचणी, आणि पुढच्या आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्मे! सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी ऑक्टोबर १९९९मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. काही गटांत गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावायचं आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का पाहायचं. काहींत पॅप तपासणी, काहींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी. २००९च्या निकालात एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू होते. तपासणी न झालेल्या, किंचित लहान गटात ६४. त्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात.

पण एकदाच पाहून इतकं कसं कळतं? वरच्या थरातल्या पेशी तर काही आठवड्यांत झडून जातात. बहुतेक बायकांत विषाणूही वर्ष-दोन वर्षांत जातो. जो जात नाही, तो खाली, झडत नसलेल्या पेशींत घर करून बसलेला असतो. त्याचं ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या रखवालदाराला नष्ट करतं, ई७ विभाजनाचा ब्रेक सोडवतं.

पिशवीच्या तोंडाशी दोन अस्तरं भेटतात: बाहेरचं चपट्या पेशींचं, अनेक थरांचं, आणि आतलं उंच पेशींचं, एकेरी. या सांध्यावर बॉस्टनच्या ख्रिस्तोफर क्रम यांच्या गटाने २०१२मध्ये मोजक्याच, वेगळ्या पेशी दाखवल्या. त्या गर्भावस्थेपासून उरलेल्या असतात, आणि एकदा काढल्या की पुन्हा उगवत नाहीत! बाईच्या जन्माआधीच्या पेशी पन्नाशीतही तिथेच, आणि या कॅन्सरचा उगमही बहुधा तिथलाच. सुरुवातीचा दोष असलेला तेवढाच भाग गोठवून किंवा तारेच्या फासाने काढण्याचा उपाय इतका टिकतो, त्याचं एक कारण हेच असावं.

वेळेत काढला नाही आणि गाठ झाली, की प्रकरण अवघड होतं. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही थोड्या कर्करोगाच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्या सावकाश विभागतात, डीएनए चटकन दुरुस्त करतात, त्यामुळे किरणोपचारातून निभावतात; गाठ विरघळल्यासारखी दिसते आणि पुढे उलटते. सीडी४४, एएलडीएच अशा खुणांनी त्या हुडकतात, पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. खात्री पटते ती उंदरात टोचल्यावर: साध्या पेशी पुष्कळ टोचूनही काही होत नाही, या मात्र अगदी मोजक्याच पुरतात आणि नवी गाठ उभी करतात. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, साधी पेशीही परिस्थिती बदलली की मूळपेशीसारखी वागू लागते. तेव्हा एवढ्याच वेचून मारल्या की काम झालं, असं म्हणायला कुणी धजावत नाही.