दोन खोल्यांतील पंचतारांकित सुख

आमच्या भाच्यानें गेल्या वर्षीं लग्नापूर्वीं ठाण्यास एक लहानसा ब्लॉक घेतला. बैठकीची खोली, निजावयाची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळून चटईक्षेत्र जेमतेम ४०० चौरस फूट. लग्नानंतर तीं दोघें मुंबईंतील एका बड्या हॉटेलांत दोन दिवस राहून आलीं, आणि तेथील खोलीनें भाचसुनेच्या मनावर अशी कांहीं मोहिनी घातली कीं, आपलें घरही तसेंच सजवावयाचें असा तिनें निश्चयच केला. दोन महिन्यांनीं मी तें घर पाहावयास गेलें. बैठकींत सोनेरी चौकटीचा आरसा होता, जांभळ्या मखमलीचे पडदे होते, कांचेच्या लोलकांचें झुंबर होतें. पण त्या झुंबरास डोकें लागूं नये म्हणून भाचा वांकून चालत होता, आणि गुबगुबीत कोचामुळें सज्जांत जावयाचें तर अंग चोरून जावें लागत होतें. “मावशी, तिथल्यासारखें सगळें आणलें, पैसेही पुष्कळ गेले, मग तिथल्यासारखें वाटत कां नाहीं हो?” असें तिनें हिरमुसल्या तोंडानें मला विचारलें.

हा प्रश्न तिचा एकटीचा नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार करणें अवश्य वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, उत्तम हॉटेलांतील खोली मोठी असते ही आपली समजूत सर्वस्वीं खरी नव्हे. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्यानें हॉटेलांच्या वर्गीकरणाचे जे नियम केले, त्यांत पंचतारांकित हॉटेलच्या खोलीचा किमान आकार, न्हाणीघर वगळून, अवघा २०० चौरस फूट धरलेला आहे. भाच्याची बैठकीची खोली १५ फूट लांब व १० फूट रुंद. म्हणजे उणीव काय ती ५० चौरस फुटांची! खरा फरक जागेचा नसून सामानाचा आहे. हॉटेलांत पाहुणा एक पेटी घेऊन येतो. आपण तीस वर्षांचा संसार घेऊन राहतों. तेथें आज रात्रीं ज्याची गरज नाहीं असें कांहींच डोळ्यांसमोर नसतें. तेव्हां सजावटीचा आरंभ वस्तू आणण्यापासून न करितां त्या काढण्यापासून करावा. पलंगाच्या दोन्ही बाजूंस व येण्याजाण्याच्या वाटेवर निदान दोन फूट तरी मोकळे राहतात कीं नाहीं, हें फीत लावून पाहावें. वर्षाकाठीं एकदां लागणारें सामान पलंगाच्या पोटांत किंवा छतालगतच्या कपाटांत घालावें. बाकीचें लांकूडसामान पायांवर उभें असलेलें घ्यावें. खालची फरशी दिसत राहिली म्हणजे खोली आहे त्याहून मोठी भासते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. आधुनिक हॉटेलांचा आद्य गुरु ज्याला म्हणतां येईल, तो सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधील एका खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या वांदोम चौकांत १८९८ सालीं त्यानें आपलें हॉटेल उघडलें. विजेचे दिवे तेव्हां नवलाईचे होते व त्यांचा झगझगाट कोणासही न शोभणारा. रिट्झनें आपल्या पत्नीस बसवून तिच्या मुखावर निरनिराळ्या रंगांच्या झांकणांतून प्रकाश पाडून पाहिला, आणि शेवटीं जर्दाळूच्या फिकट गुलाबी छटेची निवड केली. आपल्या घरीं मात्र छताखालीं एक पांढरीफेक नळी लावली कीं आपलें समाधान होतें! दिव्याच्या खोक्यावर ‘केल्व्हिन’चा आंकडा छापलेला असतो. ६५०० चा दिवा थंड व निळसर, तर २७०० ते ३००० चा ऊबदार पिवळसर. बैठकींत व निजावयाच्या खोलींत हा दुसरा दिवा घ्यावा, आणि एका प्रखर दिव्याऐवजीं डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून खालीं दोन-तीन सौम्य दिवे कोंपऱ्यांत ठेवावे. ओट्यावर व मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर मात्र भरपूर स्वच्छ उजेड असावा. तेथें काटकसर कामाची नाहीं.

तिसरी गोष्ट बिछान्याची. अमेरिकेंतील वेस्टिन हॉटेलांनीं १९९९ सालीं संपूर्ण पांढऱ्या शय्येची टूम काढली आणि ती पुढें सर्वत्र पसरली. पांढऱ्या चादरीवर डाग लपत नाहीं, म्हणून पाहुण्याचा विश्वास बसतो. शिवाय ती कढत पाण्यांत धुतां येते व रंग जाण्याची भीति नसते. यासाठीं फार किंमती कापड हवें असें नाहीं. एक धागा वर, एक खालीं अशा साध्या विणीचें सुती कापड, चौरस इंचांत उभेआडवे मिळून २०० ते ३०० धागे असलेलें, आपल्या हवेंत उत्तम. धाग्यांचे याहून मोठे आंकडे पुष्कळदां पिळाच्या सुतांतील एकेक पदर निराळा मोजून फुगविलेले असतात. चादरींचे तीन जोड ठेवावे: एक बिछान्यावर, एक धुण्यांत, एक कपाटांत. हॉटेलवाल्यांचा हिशेब हाच आहे.

पडद्यांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. त्यांची दांडी खिडकीच्या चौकटीवर न बसवितां छताजवळ बसवावी, खिडकीच्या दोन्ही बाजूंस सहा ते आठ इंच वाढवावी, आणि पडद्याची कड जमिनीस केवळ टेंकेल इतकी लांबी ठेवावी. एवढ्यानें भिंत उंच दिसूं लागते. मखमल मात्र कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत ओल व वास धरते. भारी पडदे व भिंतींवरचे कागद धूळ सांठवितात, म्हणून रिट्झनेंही धुण्याजोगें कापड व रंगविलेल्या भिंती पसंत केल्या होत्या.

न्हाणीघराचा मान तर मोठाच. एल्सवर्थ स्टॅटलर यानें १९०८ सालीं अमेरिकेंतील बफेलो शहरीं हॉटेल काढलें, तेव्हां प्रत्येक खोलीस स्वतंत्र न्हाणीघर दिलें, आणि दिव्याचें बटण दाराशीं आणलें, जेणेंकरून पाहुण्यास अंधारांत चांचपडावें लागूं नये. चैन म्हणजे दुसऱ्याच्या गैरसोयीचा आधींच केलेला विचार, हें त्यानें ओळखलें होतें. कोरडी फरशी, एकाच रंगाचे पंचे आणि रिकाम्या बाटल्यांपासून मुक्त अशी एक फळी, एवढ्यानें आपलें न्हाणीघर पालटेल.

या धोरणानें भाचसुनेनें कोच व झुंबर विकलें, पडदे बदलले, दिवे खालीं आणले. चैत्रांत मी पुन्हां गेलें तेव्हां घर खरोखरच प्रसन्न दिसत होतें. पण तीच कोमेजलेली दिसली. मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “मावशी, हॉटेलांत मी पाहुणी होतें. इथें मी हॉटेलच झालें!”

सजावटीच्या पुस्तकांत न सांगितलेली गोष्ट तिनें एका वाक्यांत सांगितली. हॉटेलची खोली आपोआप नीट राहत नाहीं. आपण बाहेर पडतांच कोणी तरी येऊन चादर ताणतें, केर काढतें, आरसा पुसतें. त्या माणसास पगार आहे, कामाचे तास आहेत, रजा आहे. घरांत तेंच काम सकाळीं डबे भरून, नोकरीस जाऊन, संध्याकाळीं परतलेल्या गृहिणीनें करावें आणि यजमानांनीं पाहुण्यासारखें टापटिपीचें कौतुक करीत बसावें, हा न्याय नव्हे. मीं भाच्यास समोर बसवून स्पष्ट सांगितलें, “अरे, घराचें हॉटेल करावयाचें असेल तर त्यांत पाहुणे दोन आणि नोकरही दोनच!” मग नियम ठरले: मागाहून उठेल त्यानें बिछाना आवरावा, नाहून निघेल त्यानें फरशी पुसावी, ज्याचे कपडे त्यानें टोपलींत टाकावे, आणि रविवारचीं चादरी-पडद्यांचीं कामें दोघांनीं मिळून करावीं. सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं नाक मुरडलें. पण भाच्यानें हंसत हंसत तें मानलें, हें त्याला भूषणावह होय.

आणखी एक सांगावयाचें म्हणजे अनुकरणालाही मर्यादा असावी. हॉटेलच्या खोलीला कोणाची आठवण ठेवावयाची नसते. आज एक, उद्यां दुसरा. घराचें तसें नाहीं. देव्हाऱ्याचा कोंपरा, आजेसासूबाईंची पितळी समई, वडिलांची लिहावयाची उतरती पेटी, यांपैकीं एकदोन वस्तू तरी मानाच्या जागीं दिसूं द्याव्या. दहा मांडल्या तर अडगळ होते, एकही नसली तर घर परकें होतें.

आषाढांत मी गेलें तेव्हां पाऊस कोसळत होता. भाचसून खिडकीपाशीं दिव्याखालीं पाय वर घेऊन वाचीत बसली होती, आणि भाचा तबकांतून चहा घेऊन आला. बशींत थोडा सांडला होता खरा. पण त्या ४०० चौरस फुटांच्या घरांत मला प्रथमच, जागा पुरेशी आहे, असें वाटलें.