स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप झोका थांबवतो

रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी आपण सगळेच भरपूर बोलतो. पण ते खड्डे रोज मुकाट्याने सोसणाऱ्या एका वस्तूविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती वस्तू म्हणजे आपल्या गाडीचा शॉकअप. पुस्तकी नाव शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजमध्ये कोणी एवढे लांब नाव घेत नाही, म्हणून मीही शॉकअपच म्हणणार आहे.

आमच्या घरी एक जुनी बोलेरो आहे. तिचे मागचे दोन्ही शॉकअप मी आणि माझ्या भाच्याने मिळून अंगणात बदलले. पुढची बाजू मात्र गॅरेजकडे सोपवली. असे का केले, हे सांगितले की या विषयातले महत्त्वाचे बहुतेक सारे सांगून होते.

आधी एक गैरसमज दूर करू. गाडीचे वजन शॉकअप पेलतो असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वजन पेलतात स्प्रिंगा किंवा लोखंडी पाटे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि लगेच उसळते. पण स्प्रिंगेला थांबणे ठाऊक नसते. झाडाला बांधलेल्या झोक्याला एक धक्का द्यावा आणि तो कितीतरी वेळ हलत राहावा, तशी ती गाडीला हलवत राहील. तो झोका एक-दोन हेलकाव्यांत थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, आणि एक दट्ट्या ते तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलत असतो. उसळीची शक्ती तिथे खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच. म्हणून गाडी थांबल्या थांबल्या त्याला हात लावू नये.

जुन्या टांग्याला पाटे असत, शॉकअप नसत. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत आणि तेवढ्यानेच झोका थोडाफार आवरला जाई. घोड्याच्या वेगाला ते पुरेसे होते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला ते पुरत नाही.

शॉकअप थकला की बसणाऱ्यांची पाठ दुखते, हे तर झालेच. आमच्या घरी कंबरेची शस्त्रक्रिया झालेली थोरली आपा आहे. तिला दवाखान्यात नेताना प्रत्येक गतिरोधकावर तिचा चेहरा पाहवत नसे. पण धोका पाठदुखीपुरता नसतो. चाक उसळून जमिनीवरची पकड सोडते, त्या क्षणी ब्रेक काय आणि स्टिअरिंग काय, दोन्ही निकामी. खडबडीत रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि वळणावर ती बाहेर फेकली जाते. उंच गाडीच्या बाबतीत हे अधिकच गंभीर आहे.

थकलेला शॉकअप ओळखायचा कसा? गाडीचा एकेक कोपरा जोराने खाली दाबून सोडून द्या. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शंका घ्यावी. शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसले तर शंकेलाही जागा उरत नाही. नुसता पुसट ओलावा असेल तर मात्र घाबरू नये. टायर ठिकठिकाणी खोलगट झिजले असतील, ब्रेक मारताच गाडी नाक खुपसत असेल, मागून ठकठक आवाज येत असेल, तरी तपासणी करावी. साधारण ८० हजार किलोमीटर झाल्यावर शॉकअप एकदा पाहून घ्यावेत, आणि खराब रस्त्यांवर त्याच्याही आधी.

आता घरी काय करता येते ते पाहू. बोलेरो २००० साली बाजारात आली. तिच्या मागच्या बाजूला पाटे असतात आणि शॉकअप वेगळा असतो. त्याचे वरचे टोक चासीला आणि खालचे ॲक्सलला जोडलेले. तो काढला तरी वजन पाट्यांवरच राहते. म्हणून हे काम घरी जमण्याजोगे आहे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. हे मी मुद्दाम सांगतो आहे. बोलेरोचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि गिअरचा जोरही मागच्याच चाकांवर असतो. मागची चाके उचललीत की दोन्ही आधार गेले. मग गाडी केवळ त्या ठोकळ्यांवर उभी असते. गाडी उंच आहे, हात पोहोचत असेल तर चाके जमिनीवरच राहू द्या. उचलावीच लागली, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरण्यासाठी लोखंडी स्टँड असतो, गॅरेजमध्ये त्याला घोडी म्हणतात. विटा रचून घोडीचे काम होत नाही. मजुरीचे काही रुपये वाचवताना जीव जाता कामा नये. आणि हे काम एकट्याने करू नका. हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवा.

नट गंजलेले असतात. आदल्या संध्याकाळीच त्यांच्यावर गंज सोडवणारा फवारा मारून ठेवा. फिक्स पान्याने नटाचे कोपरे झिजतात, म्हणून रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा. खोलण्यापूर्वी वॉशर आणि रबरी बुश कोणत्या क्रमाने आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ज्या गाड्यांना मागे पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा आहेत, त्यांत शॉकअप काढताच ॲक्सल खाली लोंबकळू शकतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. तिथे ॲक्सलखालीही आधार द्यावा लागतो.

नवा शॉकअप तेलाचा असेल तर बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाते. गॅसचा असेल तर त्याचा पट्टा कापताच तो आपोआप लांब होतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा. त्याची चकचकीत दांडी पकडीने धरू नका. तिच्यावर ओरखडा पडला की सील फाटते आणि तेल गळू लागते. आधी वरचे टोक बसवा, नंतर खालचे. नट शेवटचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर हवे. चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबरी बुश पिळवटलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. किती जोराने आवळायचे तो आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की गाडीच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. खरेदीही माहितीच्या दुकानातून पक्की पावती घेऊन करावी. हा माल आपल्या राज्यातच बनतो. १९६१ साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. जुने शॉकअप कापू नका, जाळू नका. आत तेल असते, काहींत दाबाखालचा गॅसही असतो.

आता पुढची बाजू. डस्टर, क्रेटा, ब्रेझा अशा गाड्यांना पुढे स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने तो ओळखला जातो. १९५० साली फोर्डच्या ब्रिटनमधल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना तो बसवला गेला. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही पुढे तोच होता. स्ट्रटमध्ये शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात गुंफलेले असतात. स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि वरचा मधला एक नट तिला कैद करून ठेवतो. तो नट साध्या पान्याने सोडवला, तर कित्येक किलोंच्या जोराने दबलेली स्प्रिंग सुटते. ती हात मोडू शकते, जीवही घेऊ शकते. तिला आधी खास शिकंजात आवळावे लागते, आणि तो शिकंजा सराईत हातातच शोभतो. शिवाय स्ट्रट काढला-घातला की चाकांचे अलाइनमेंट करावेच लागते. बोलेरोला पुढे स्ट्रट नाही, पण स्प्रिंग तिथेही दबलेलीच आहे. म्हणून आम्ही तिकडे हात घातला नाही.

मी गझल लिहितो. आमच्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि गॅरेजमधली पोरेही आपल्या मिस्त्रीला उस्तादच म्हणतात. दोन्हीकडे कारण एकच आहे: काही गोष्टी पुस्तकातून येतात, काही समोर बसूनच शिकाव्या लागतात. दबलेली स्प्रिंग दुसऱ्या प्रकारातली. ते काम उस्तादाला करू द्या, पण शेजारी उभे राहून पाहा. दोन्ही बाजूंचे बदलले का, वरचे रबरी माउंटिंग तपासले का, अलाइनमेंट केले का, हे तीन प्रश्न विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट खूश होतो.

थोडक्यात, पाना उचलण्यापूर्वी एकच गोष्ट पाहा: मी जो नट सोडवणार आहे, त्याच्यामागे स्प्रिंग दबलेली आहे का? नसेल तर बाह्या वर करा. असेल तर पाना खाली ठेवा.