राखणीला कुत्रा हवा, पण कोणता?

बालरोगतज्ज्ञाला लोक साधारणतः दोन प्रश्न विचारतात : बाळ जेवत का नाही आणि ताप उतरत का नाही. गेल्या काही वर्षांत त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘डॉक्टर, घराच्या राखणीला कुत्रा घ्यायचा आहे, कोणत्या जातीचा घ्यावा?’ हा प्रश्न खरे तर पशुवैद्यकाचा. पण विचारणाऱ्याच्या घरात लहान मूल असते आणि आमच्या घरी पंचवीस वर्षे कुत्री नांदत आहेत, हेही त्याला ठाऊक असते. विचारणाऱ्यांत आपले व्यवसायबंधू पुष्कळ असल्याने, या स्मरणिकेच्या निमित्ताने एकदाच सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले.

प्रश्नामागची काळजी अगदी खरी आहे. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत भिंतीला भिंत असे. रात्री कुणी खाकरले तरी शेजारचा जागा होई. आता बेळगाव चारी दिशांना पसरले आहे. नव्या वसाहतींत बंगल्याला उंच कंपाउंड, शेजारी रिकामा प्लॉट आणि पलीकडे अंधार. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला, घरात वृद्ध आई-वडील, आणि आपण रात्री-अपरात्री इस्पितळात. कुणी खानापूर-जांबोटीच्या बाजूला थोडी शेती घेतलेली असते. अशा वेळी दाराशी एक इमानी प्राणी असावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

आधी घर, मग जात

तथापि जातीचा प्रश्न पहिला नव्हे. रुग्णाची हकीकत न ऐकता औषधाचे नाव सांगणे जितके चुकीचे, तितकेच घराची हकीकत न ऐकता कुत्र्याची जात सांगणे. म्हणून मी उलट तीन प्रश्न विचारतो. राखायचे काय आहे? घरात राहते कोण? आणि कुत्र्यासाठी रोज तासभर वेळ देणार कोण?

बंद दवाखाना किंवा गोदाम राखायचे असेल, तर कुत्रा घेऊच नये. रात्रभर रिकाम्या इमारतीत एकटा कोंडलेला प्राणी भुंकला तरी ऐकणार कोण? तेथे भक्कम लोखंडी जाळी, दिवे, कॅमेरा आणि माणूस यांचाच उपयोग. शेतावर गड्याचे कुटुंब राहत असेल, तर त्यांनी वाढविलेली दोन गावठी कुत्री उत्तम काम करतात. उरले राहते घर. बहुतेकांचा प्रश्न त्याविषयीचाच असतो.

राहत्या घरात कुत्र्याचे काम चोराला फाडून खाणे हे नाही. परके पाऊल वाजले की वेळेवर ओरडून माणसांना उठविणे, हे त्याचे काम. दिवे लागले, खिडक्या उघडल्या, की आलेला माणूस बहुधा पुढे सरकत नाही. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण वैद्यकीयदृष्ट्या साफ खोटी आहे, हे आपले शल्यचिकित्सक मित्र सांगतील. राखणीच्या दृष्टीने मात्र भुंकणे हीच खरी सेवा; चावणे हा तिचा उपद्रव. चावलेला माणूस पुष्कळदा चोर नसतोच. तो दूधवाला असतो, मीटर पाहणारा असतो, नाहीतर घरातलेच मूल असते. आपला प्राणी सांभाळण्यात हयगय झाली आणि त्यापासून माणसाच्या जीविताला धोका वा गंभीर दुखापतीचा संभव निर्माण झाला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी दंडसंहितेचे कलम २८९ होते. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू आहे.

काही परिचित जाती

आता जातींकडे वळू. जर्मन शेफर्ड, म्हणजे आपल्याकडचा ‘अल्सेशियन’, ही जात १८९९ पासून माक्स फॉन श्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून घडविली. बुद्धिमान, आज्ञाधारक, धन्याशी एकनिष्ठ. पण त्याला रोजचे शिक्षण आणि भरपूर व्यायाम हवा. कामाविना तो चिडखोर होतो. खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष या जातीत आढळतो, आणि आपल्या पावसाळ्यात दाट केसांखालची कातडी ओली राहून खरूज-नायटे होतात.

डॉबरमन हा जर्मनीतील आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीड्रिक लुई डॉबरमन याचा. हा गृहस्थ करवसुलीचे काम करी, आणि फिरतीत सोबतीला निधड्या छातीचा कुत्रा हवा म्हणून त्याने ही जात निपजविली असे सांगतात. आखूड केसांमुळे तो आपल्या हवेत टिकतो. स्नायुविकाराने हृदय प्रसरण पावण्याचा रोग मात्र या जातीत बराच दिसतो. रॉटवायलर बलदंड असतो. ज्याने पूर्वी कधी कुत्रा पाळलेला नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅब्राडॉरविषयी थट्टेने म्हणतात, की तो चोराला शेपूट हलवीत तिजोरीपर्यंत नेईल. थट्टेत तथ्य आहे. पण अंधारात त्याचा घोगरा आवाज ऐकणाऱ्याला त्याचा स्वभाव ठाऊक नसतो! ज्या घरात लहान मुले आहेत आणि केवळ इशारा पुरेसा आहे, तेथे तो वाईट नाही. आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणतो तो पांढरा स्पिट्झ तर जिवंत दारघंटाच. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना मी अनेकदा तोच सुचवितो. सेंट बर्नार्ड किंवा हस्की बर्फाळ प्रदेशासाठी आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असले, तरी येथला एप्रिल काही आल्प्सचा नव्हे.

आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या कुत्र्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मराठीत त्याला करवानी किंवा कारवान म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली आणि इंग्लंडच्या राजालाही ही कुत्री भेट दिली. टपाल खात्याने २००५ साली देशी जातींची चार तिकिटे काढली, त्यांत रामपूर, राजापालयम आणि हिमालयन मेंढपाळ कुत्र्यांबरोबर मुधोळही होता. २०१६ मध्ये सैन्याने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मीरतला नेली. एवढे कौतुक असूनही बंगल्याच्या राखणीसाठी त्याची शिफारस करताना मी थबकतो. हा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा आहे. त्याला दौडायला माळरान हवे. चाळीस फुटांच्या अंगणात त्याचा जीव घुसमटतो आणि शेजारच्या मांजराचा जीव धोक्यात येतो. मोठे शेत असेल, तर मात्र त्याच्यासारखा काटक आणि परक्याला अंगाला हात लावू न देणारा सोबती विरळाच.

राहता राहिला गावठी कुत्रा. आमच्या घरी सध्या आहे ती गावठी कुत्रीच. येथल्या हवापाण्याला सरावलेली, खाण्याला मिताहारी, कानाने तीक्ष्ण. रस्त्यावरचे पिल्लू योग्य वयात घरी आणून, लसी टोचून, माणसांत वाढविले, तर राखणीत ते कोणत्याही वंशावळीच्या कुत्र्याला हार जात नाही. दुर्दैवाने त्याला प्रतिष्ठा नाही, कारण त्याला किंमत मोजावी लागत नाही.

‘धोकादायक’ जातींविषयीही विचारणा होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर आदी तेवीस जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना दिली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दबातल केले. कायद्याची बाजू कायदेतज्ज्ञ पाहतील. माझा अनुभव इतकाच, की कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायक करता येतो, आणि त्याची कृती फार सोपी आहे.

कुत्रा बिघडतो कसा

ती कृती अशी. पिल्लू आईपासून लवकर तोडायचे. राखणीचा कुत्रा माणूसघाणा हवा म्हणून त्याला कुणाला भेटू द्यायचे नाही. उग्र व्हावा म्हणून तिखट खाऊ घालायचे. दिवसभर साखळीला बांधायचे आणि रात्री मोकळे सोडायचे. आपल्याकडे हीच राखणीची तयारी समजली जाते.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पिल्लू आठ आठवड्यांपूर्वी आईपासून दूर करू नये. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या मनाच्या घडणीचा असतो. त्या दिवसांत त्याने मुले, म्हातारी माणसे, छत्री, हेल्मेट, सायकल हे सारे पाहिले पाहिजे. जो नेहमीचे ओळखतो त्यालाच विपरीत कळते. निरोगी बाळे शेकड्यांनी पाहिल्यावाचून आपल्यालाही आजारी बाळ दारातून येताच ओळखता येत नाही. ज्या कुत्र्याला सगळे जगच परके, त्याला चोर आणि पाहुणा यांतला फरक कसा कळावा? तो शूर नसतो, भ्यालेला असतो. आणि भ्यालेला कुत्रा जो जवळ असेल त्याला चावतो.

जवळ बहुधा मूल असते. काही वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली गेली. राखणीसाठी घेतलेला घरचाच कुत्रा. दिवसभर साखळीला. तिचा चेंडू त्याच्या थाळीजवळ गेला आणि ती वाकली. गालापासून पापणीपर्यंत जखम होती. डोळा वाचला तो केवळ दैवयोगाने. जखमेत रेबीज-प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागले, पुढे चेहऱ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. वडील पुन्हापुन्हा म्हणत होते, ‘यांच्या संरक्षणासाठीच तर आणला होता.’ त्या घरात त्या वर्षी चोर आला नव्हता.

लहान मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात, कारण त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असतो. १९९४ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील चावणाऱ्या व न चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध झाली. चावणाऱ्यांत काही जातींचे प्रमाण अधिक होते, त्यांत जर्मन शेफर्ड होता, हे खरे. पण नर असणे, खच्चीकरण न झालेले असणे आणि आवारात साखळीने बांधलेले असणे, याही गोष्टी ठळकपणे दिसून आल्या. जात आपण पैसे देऊन निवडतो; साखळी आणि खच्चीकरण यांचा निर्णय मात्र त्यानंतरही आपल्याच हातात राहतो.

मुलांच्या घरासाठी नियम

घरात सहा वर्षांखालील मूल असेल, तर मूल आणि कुत्रा यांना क्षणभरही एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलाला अक्षरओळखीआधी शिकवावे. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे दरवर्षी. जंतांचे औषध वेळच्या वेळी. पाळीव प्राणी असलेल्या घरातील मुलांना रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस देण्याचा विचार बालरोगतज्ज्ञाशी बोलून अवश्य करावा.

आणि चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच डॉक्टर गाठावा. ‘घरचाच आहे, लस टोचलेली आहे’ म्हणून थांबू नये. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस दिली, त्याला आता एकशेचाळीस वर्षे झाली. रेबीजची लक्षणे एकदा उमटली, की आजही आपण जवळजवळ हतबलच असतो. मात्र चाव्यानंतर वेळीच पूर्ण उपचार केले, तर तो रोग टळतो.

तेव्हा कोणती जात, या प्रश्नाला माझे उत्तर असे : ज्याला तुमच्या घरातले सर्वांत लहान माणूस निर्धास्तपणे ओलांडून जाऊ शकेल, आणि ज्याच्यासाठी तुमच्याकडे रोज तासभर वेळ असेल, तो कुत्रा तुमच्या राखणीचा. त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. आज रांगणारे तुमचे मूल आठवीत जाईपर्यंत तो सोबत असणार आहे. तेवढी वर्षे त्याला सांभाळण्याची तयारी नसेल, तर दाराला चांगले कुलूप आणि अंगणात एक दिवा पुष्कळ झाला.