कानात गाणे, कान घराकडे

‘बिनतारी’ म्हटले की माझ्या पिढीला आधी पोलिसांची जीप आठवते. आता हा शब्द हेडफोनला चिकटला आहे आणि तो हेडफोन आमच्यासारख्या निवृत्तांच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. कारण उघड आहे. तीन खोल्यांचे घर, नातीची दहावी, पलीकडच्या बिऱ्हाडाची पातळ भिंत आणि रात्री उशिरा मालकंस ऐकण्याची माझी हौस, हे सारे एका छपराखाली नांदवायचे तर दुसरा मार्ग नाही.

मोबाइलला हेडफोन दोन मिनिटांत जोडला जातो. अडते ते पंचवीस वर्षांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी. त्याला ब्लूटूथ ठाऊकच नाही. तिथे मध्यस्थ लागतो, काडेपेटीएवढा ट्रान्समीटर. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या हेडफोनच्या भोकात किंवा मागच्या ‘टेप आउट’च्या लाल-पांढऱ्या जोडीत लावायचा. ‘टेप आउट’ची सोय अशी, की अ‍ॅम्प्लिफायरचे आवाजाचे बटण शून्यावर आणले की स्पीकर गप्प होतात आणि हेडफोनमधले गाणे चालूच राहते. मात्र स्पीकरच्या तारा जिथे खोचतात, तिथे ट्रान्समीटर कधीही जोडू नये. स्पीकर हलवण्याइतकी ताकद तिथून बाहेर पडते. नाजूक यंत्र जळू शकते. टीव्हीच्या ‘ऑप्टिकल’ भोकातून जोडणार असाल, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडा, नाहीतर बरेच ट्रान्समीटर मुके राहतात.

जोडणीच्या वेळी आधी मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावे. हेडफोन जुन्या ओळखीकडे धावतो! मग दोन्ही उपकरणांची बटणे दिवे भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावीत. सिनेमात ओठ आधी आणि शब्द मागाहून येत असतील तर घाबरू नका. आवाज बांधून पाठवायला आणि पलीकडे सोडायला वेळ लागतो. ‘लो लेटन्सी’ची सोय दोन्ही उपकरणांत असेल तर हे अंतर खूप कमी होते. नुसत्या गाण्याला त्याने काही बिघडत नाही.

आता सुरक्षिततेचे. लोक लहरींना भितात. पण ब्लूटूथची शक्ती काही मिलीवॉटची, कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा कितीतरी कमी. खरा धोका आवाजाच्या पातळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढाला 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास. दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 90 डेसिबलला उरतात फक्त 4 तास. आयुष्यभर बँकेत खाती सांभाळलेल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. कानाच्या खात्यातही ओव्हरड्राफ्ट मिळतो, पण त्याची परतफेड करता येत नाही. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाज कमी करूनच हेडफोन चढवावा. वयोमानाने ऐकू कमी येत असेल तर बटण फिरवण्याआधी कान तपासून घ्यावेत. आणि एक, चार्जिंगला लावलेला हेडफोन उशीखाली ठेवू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर तो वापरणेच थांबवावे.

याखेरीज एक सुरक्षितता माहितीपत्रकात सापडत नाही. माझ्या पत्नीला दमा आहे. रात्री धाप लागली की तिची हाक जेमतेम दारापर्यंत पोचते. बाहेरचा आवाज गाळणारी सोय माझ्या हेडफोनमध्ये आहे. रेल्वेच्या प्रवासात ती वरदान वाटते, घरात रात्री ती मी बंद ठेवतो. शिवाय डावी वाटी कानामागे सरकवलेली असते. जुनी ध्वनिमुद्रणे बहुतेक मोनो, दोन्ही कानांत तेच वाजते. त्यामुळे एका कानाने ऐकले तरी बुवांचा एकही सूर कमी पडत नाही.