४.३ मतभेदांचा अभ्यास : अमेरिकेतील निर्वाचक मंडळाचा वाद

मागील भागात आपण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कशी होते, हे पाहिले. या भागात त्या पद्धतीविषयीच्या वादाचा विचार करावयाचा आहे. कोणाची बाजू बरोबर, याचा निर्णय देणे हा आपला हेतू नाही. परस्परविरोधी भूमिकांची वाट नेमकी कोठे वेगळी होते, हे ओळखावयाचे आहे.

(अ) उभयपक्षी मान्य तथ्ये : निर्वाचक मंडळात ५३८ सदस्य असतात व विजयासाठी किमान २७० मते लागतात. मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यातील सर्व निर्वाचक त्या राज्यात आघाडीवर राहिलेल्या उमेदवाराच्या वाट्याला येतात. त्यामुळे २००० मध्ये अल गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक मते मिळूनही पराभव पत्करावा लागला. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दोन्ही मोजमापांत आघाडीवर राहिले. त्यामुळे त्या वेळी हा वाद पेटला नाही, परंतु तो मिटलेलाही नाही.

(आ) विरोधकांची भूमिका : प्रत्येक नागरिकाच्या मताचे मूल्य समान असावे, हा त्यांचा मुख्य आग्रह आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजार लोकांमागे एक. ही विषमता लोकशाहीशी विसंगत आहे, असे ते मानतात.

(इ) समर्थकांची भूमिका : अमेरिका हा राज्यांनी मिळून घडविलेला संघ आहे, म्हणून राष्ट्राध्यक्षाला केवळ दाट वस्तीच्या प्रदेशांचा नव्हे, तर निरनिराळ्या राज्यांचा पाठिंबा मिळायला हवा, असे त्यांचे म्हणणे आहे. लहान राज्यांना मिळणारे झुकते माप हा त्यांच्या मते दोष नसून संघराज्याच्या करारातील अट आहे.

(ई) पक्षहित आणि तत्त्व : आज डेमोक्रॅटिक पक्षात विरोधक अधिक, तर रिपब्लिकन पक्षात समर्थक अधिक आढळतात. परंतु ही विभागणी कायमची नाही. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली होती आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तिला पाठिंबा दिला होता. पुढील वर्षी ती सिनेटमध्ये अडली. तसेच या पद्धतीची झळ एकाच पक्षाला बसते असेही नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना ६० लाखांहून अधिक, तर टेक्सासमध्ये जो बायडन यांना ५२ लाखांहून अधिक मते मिळाली. या मतदारांच्या वाट्याला आपापल्या राज्यातून एकही निर्वाचक आला नाही.

सारांश, वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : राष्ट्राध्यक्ष निवडणारी ‘जनता’ म्हणजे नागरिकांचा समुदाय की राज्यांचा संघ? आकडे दोघांसाठी तेच असतात. या प्रश्नाचे उत्तर वेगळे असते. विरोधी मत मांडताना ते मानणाऱ्या व्यक्तीने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे, इतक्या प्रामाणिकपणे ते मांडता आले, तरच आपल्याला तो वाद समजला असे म्हणता येईल.

आपली प्रगती तपासा : आपणांस न पटणारी बाजू निवडा आणि तिचे समर्थन पाच वाक्यांत लिहा. त्यात एकही उपरोधिक शब्द नसावा.