बर्फाखालचे बेसबॉल

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा मिनेसोटात मैदानावर बर्फ असतो. म्हणून तिथल्या विद्यापीठाचा संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत पाहुणा म्हणून खेळतो, नाहीतर मिनिआपोलिसच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये. प्रवासखर्च वाढतो, तास बुडतात.

खरी अडचण सरावाची. बंदिस्त हॉलमध्ये बॅटिंग घोटून घेता येते. पण उंच उडालेला चेंडू वाऱ्यात कुठे वळेल, मातीवर कसा उसळेल, हे उघड्यावरच कळते. एप्रिलमध्येही थंडी हटत नाही. बोटे बधिर होऊन पिचरची पकड सैल पडते, दाट हवेत चेंडू लांब जात नाही, बॅटचा हादरा हाताला झोंबतो. गुणी मुले फ्लोरिडा-टेक्सासकडे वळतात, यात नवल नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाने तर १९९१ मध्ये संघच बंद केला.

तरी एकेकाळी प्रशिक्षक डिक सीबर्ट यांच्या मिनेसोटाने १९५६, १९६० आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले होते. २०१९ मध्ये उत्तरेतलेच मिशिगन विद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले आणि व्हँडरबिल्टकडून हरले. हंगाम महिनाभर पुढे ढकलावा, ही उत्तरेकडच्या प्रशिक्षकांची मागणी मला अगदी रास्त वाटते. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धा जुलैत गेली तरी चालेल.